शेवाळाचं सेंटरिंग
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, पूल आणि प्लॅटफॉर्मची कामं करणारा माणूस. तरीही वनस्पतींच्या जेलवर पेशी वाढवण्याचा विषय मी घेतला, त्याला कारण माझी आई.

आईला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या पायाची जखम चिघळली आणि करंगळी काढावी लागली. ड्रेसिंग करताना सिस्टरने जखमेत कापसासारखी पांढरी पट्टी ठेवली. "ही समुद्रातल्या शेवाळापासून करतात," ती म्हणाली. घरी येऊन मी वाचायला लागलो. शेवाळाच्या जेलमध्ये जिवंत पेशी वाढवतात, हे उत्साहाने आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग माझं बोट परत येईल का रे?" मी गप्प झालो. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे समजलं, ते आज सांगतो.

तपकिरी समुद्रशेवाळातून अल्जिनेट नावाचा पदार्थ मिळतो. आपल्यापैकी जे पांबनच्या पुलावरून रामेश्वरमला गेले आहेत, त्यांनी तो समुद्र पाहिला आहे. तिथल्या किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरून शेवाळ गोळा करतात. अल्जिनेटचं द्रावण कॅल्शियमच्या पाण्यात थेंब-थेंब सोडलं, की प्रत्येक थेंबाचा साबुदाण्यासारखा मणी होतो. तापवावं लागत नाही, म्हणून आत घातलेल्या पेशी जिवंत राहतात. १९८० साली लिम आणि सन या संशोधकांनी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी अशा मण्यांत भरून मधुमेही उंदरांच्या शरीरात ठेवल्या. दोन-तीन आठवडे त्यांची साखर ताब्यात राहिली.

आता आपल्या भाषेत सांगतो. स्लॅब टाकताना आपण सेंटरिंग लावतो. काँक्रीटने ताकद धरण्याआधी ते काढलं तर स्लॅब खाली येतो, आणि काढलंच नाही तर खोली वापरता येत नाही. पेशींनाही वाढायला असा आधार लागतो. पण शरीरात शिरून सेंटरिंग काढणारा मिस्त्री नसतो. आधार आपला आपण विरघळावा लागतो, तोही नव्या पेशींनी भार घेतल्यावर. विसर्जन वेळेवर व्हावं, हे या मंडळाला मी सांगायला नको!

इथेच अडचण आहे. अल्जिनेट पचवणारं एन्झाइम आपल्या शरीरात नसतं. कॅल्शियम निघून जाईल तसं ते हळूहळू सुटतं. शिवाय पेशी त्याला आपणहून चिकटत नाहीत. त्यासाठी प्रथिनांचे छोटे तुकडे जोडावे लागतात.

सर्वांत मोठी अडचण पुरवठ्याची. साईट कितीही चांगली असो, माल पोचला नाही तर काम बंद. पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून दूर गेली, की तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून पातळ थर जमतो, जाड अवयव जमत नाही. २०१७ साली अमेरिकेत वुस्टर इथल्या संशोधकांनी यावर एक युक्ती केली. पालकाच्या पानातल्या पेशी धुऊन काढल्या आणि शिरांचं तयार जाळं तेवढं ठेवलं. त्या पानावर माणसाच्या हृदयाच्या पेशी वाढवल्या. त्या आकुंचन पावत होत्या, पण प्रयोगशाळेत, एका पानावर. तिथून माणसाच्या छातीपर्यंतचा रस्ता लांब आहे.

आईच्या पायातली पट्टी हे सगळं करत नव्हती. ती जखमेतला पाझर शोषून जेल होत होती आणि जखम ओलसर ठेवत होती. बरं होण्याचं काम शरीरच करत होतं. चार महिन्यांनी जखम भरली. मग मी आईला खरं उत्तर दिलं, "नाही आई, बोट नाही येणार." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मी रोज पट्टी सोडली की बघत होते."

मित्रांनो, विज्ञानाबद्दल उत्साह जरूर असावा, पण आजारी माणसाला अर्धवट बातमी सांगू नये. ती त्याचंही सेंटरिंग होऊन बसते. आणि ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः दिवसभर ट्रॅकवर चालणाऱ्या सहकाऱ्यांनी, रोज रात्री तळपाय बघावेत आणि सकाळी बूट झटकून घालावेत. आईची जखम बुटातल्या नाही, चपलेतल्या एका खड्यानेच झाली होती.

गणपती बाप्पा मोरया!