टाळी आणि प्रश्न

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



मराठी माणूस ज्या ज्या गावी जाऊन स्थिरावला, तेथे त्याने गणेशोत्सव नेला, नाटक नेले आणि व्याख्यानमालाही नेली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील मराठी मंडळींनीही व्याख्यान ऐकण्याची ही आवड जपली. या सभांना एक न लिहिलेली शिस्त असे. वक्ता समोर उभा असे, शेजारी ओळखीचा माणूस बसलेला असे आणि एखादे विधान पटले नाही तरी भाषण संपेपर्यंत थांबावे लागे. ज्याला शंका असेल त्याने ती चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे पाठवावी, असा रिवाज होता. चिठ्ठी लिहिण्यासाठी वाक्य जुळवावे लागे आणि वाक्य जुळवता जुळवता रागाचा पहिला भर ओसरत असे.

आज तेच व्याख्यान घरोघरी हातातल्या फोनवर येऊन पोहोचले आहे. अमेरिकेतील ‘टेड’ या संस्थेने २००६ च्या जूनमध्ये आपली पहिली काही भाषणे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर विश्वाची उत्पत्ती, मेंदू, ईश्वर, पुनर्जन्म, ध्यान, उत्क्रांती यांवरील व्याख्याने लहानशा गावातील मुलालाही ऐकता येऊ लागली. ही फार मोठी प्राप्ती आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र वक्त्याचे रूप बदलले तसे श्रोत्याचेही बदलले. तो एकटा ऐकतो, मध्येच थांबवतो, पुढे सरकवतो आणि भाषण संपण्यापूर्वीच अंगठा वर करून किंवा खाली करून निकाल देतो. खाली केलेल्या अंगठ्यांचा उपयोग कित्येकदा वक्त्याला झोडपण्यासाठीच होतो, हे ध्यानात आल्यावर यूट्यूबने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची संख्या इतरांना दाखवणे बंद केले. संख्या दिसेनाशी झाली, तरी निकाल देण्याची घाई काही थांबली नाही.

या घाईचे स्वरूप समजून घेण्यासाठी एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. रूपर्ट शेल्ड्रेक हे केंब्रिजमध्ये शिकलेले जीवशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात त्यांनी हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या कृषी संशोधन संस्थेत पिकांवर संशोधन केले. पुढे तमिळनाडूत कावेरीकाठच्या एका ख्रिस्ती आश्रमात राहून त्यांनी एक पुस्तक लिहिले. निसर्गाला स्वतःची एक स्मृती असते, असे त्यात प्रतिपादन होते. १९८१ साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा ‘नेचर’ या विख्यात विज्ञान नियतकालिकाच्या संपादकांनी, हे पुस्तक जाळण्याच्या लायकीचे आहे काय, अशा अर्थाचा मथळा देऊन अग्रलेख लिहिला. पुस्तकाची कीर्ती त्याने कमी झाली नाही, उलट वाढली.

तीस वर्षांनंतर त्याच गोष्टीची पुनरावृत्ती झाली. २०१३ च्या जानेवारीत लंडनमध्ये टेडच्या नावाने झालेल्या एका स्थानिक कार्यक्रमात शेल्ड्रेक बोलले. आधुनिक विज्ञान दहा गृहीतके तपासल्याविना श्रद्धेप्रमाणे मानते, असा त्यांचा आरोप होता. भाषण इंटरनेटवर येताच वैज्ञानिकांकडून तक्रारी आल्या. मार्चमध्ये संस्थेने ते आपल्या यूट्यूब वाहिनीवरून काढले आणि संकेतस्थळावर वेगळ्या ठिकाणी, आक्षेपांसह ठेवले. ताबडतोब दुसऱ्या बाजूचे श्रोते उसळले. त्यांनी भाषणाच्या प्रती ठिकठिकाणी चढवल्या. विज्ञान आता धर्मपीठासारखे वागू लागले आहे, असे एक पक्ष म्हणाला. भोंदूगिरीला व्यासपीठ देऊ नये, असे दुसरा म्हणाला. काढून टाकलेले भाषण काढून टाकल्यामुळेच अधिक गाजले.

या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. शेल्ड्रेक यांच्या भाषणात तपासून पाहता येईल असे एक विधान होते. १९२८ ते १९४५ या काळात प्रकाशाचा मोजलेला वेग सेकंदाला सुमारे वीस किलोमीटरने कमी झाला होता, असे ते म्हणाले. हे ऐकून एका पक्षाने टाळी दिली आणि दुसरा हसला. ज्या श्रोत्याने दोन्ही टाळून नुसते विचारले असते की, त्या काळी हा वेग मोजला कसा आणि त्या उपकरणांत चूक होण्याची शक्यता किती होती, त्याच्या हाती फार मोलाचे काही लागले असते.

त्या काळात प्रसिद्ध झालेले आकडे खरोखरच कमी होते. १९२० च्या दशकात मायकेलसनने काढलेला वेग सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर होता. १९३० च्या दशकातील व चाळिशीच्या आरंभीचे आकडे २,९९,७७५ च्या आसपास आले. दुसऱ्या महायुद्धानंतर रडारच्या संशोधनातून नवी तंत्रे हाती आली, तेव्हा आकडा २,९९,७९२ वर गेला आणि तेथेच स्थिरावला. १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच या वेगावरून केली जाते. मधल्या काळात प्रकाश मंदावला होता, असे मानण्यापेक्षा मोजणीत दोष होता, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. त्यालाच जोडून आणखी एक स्पष्टीकरण दिले जाते, आणि ते मोठे मार्मिक आहे. आपले उत्तर आधीच्या नामांकित संशोधकाच्या उत्तराशी जुळले की माणूस आपल्या चुका शोधणे थांबवतो. न जुळले तरच तो पुन्हा पुन्हा तपासतो. म्हणजे प्रयोगशाळेतला वैज्ञानिकही कधी कधी टाळ्यांच्या दिशेनेच जातो, आणि ही चूक दुरुस्त होते तीही अधिक काटेकोर मोजणीनेच. एका प्रश्नातून दोन्ही पक्षांना धडा मिळाला असता. पण निकाल आधी लागलेला असला की प्रश्नाची गरज कोणालाच भासत नाही.

हा दोष काही फोनमुळे जन्माला आलेला नाही. १८५३ साली इंग्लंडमध्ये टेबल फिरवण्याच्या बैठकींचे वेड पसरले होते. लोक टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवत, टेबल हलू लागे आणि कोणी त्याचे श्रेय विजेला, तर कोणी मृतात्म्यांना देत. मायकेल फॅरडे यांनी यावर एक साधे उपकरण बनवले. हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, ते मऊ लुकणाने सैलसर जोडले आणि वर एक काटा बसवला. टेबलाने हातांना ओढले की हातांनी टेबलाला ढकलले, ते काटा सांगणार होता. हातच ढकलत होते. बसलेल्यांना काटा दिसू लागला, तेव्हा टेबल हलायचे थांबले. ती माणसे लबाड नव्हती. आपण ढकलतो आहोत हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते. तरीही फॅरडे यांच्या खुलाशाने हे वेड संपले नाही. तेव्हा पुढल्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन त्यांनी निराळाच विषय मांडला. उणीव आहे ती निर्णयबुद्धीच्या शिक्षणाची, आणि पुरावा अपुरा असेल तेथे निर्णय राखून ठेवणे हा त्या शिक्षणाचा गाभा होय, असे त्यांचे म्हणणे होते. येथे हे लक्षात ठेवले पाहिजे की, फॅरडे स्वतः एका लहानशा, कडक ख्रिस्ती पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि काट्याकडे पाहणेही सोडले नाही.

मराठी श्रोत्याला हाच वस्तुपाठ मराठीत देणारा माणूस या शाळेच्या मुलांना विशेष जवळचा वाटावा. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा असला, तरी त्यांचे बालपण वाराणसीत गेले. वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. बाहेर हिंदी आणि घरात मराठी अशा वातावरणात वाढलेल्या या मुलाने पुढे केंब्रिज गाजवले आणि विज्ञान सांगण्यासाठी मराठीचा आवर्जून वापर केला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी हे नाव योजले होते. परीक्षकांनी नाव पाहून टाळी देऊ नये, कथा पाहून निर्णय द्यावा, हा त्यामागचा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

फलज्योतिषाच्या बाबतीतही त्यांनी नुसते मत देऊन निकाल लावला नाही. २००८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या सहकार्याने एक चाचणी योजली. शंभर हुशार मुले आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखण्यास सांगितले. नाणेफेक करूनही सरासरी वीस उत्तरे बरोबर येतील. म्हणून किमान अठ्ठावीस बरोबर आली तरच यश मानायचे, हे आधीच ठरले होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल चोवीसचा होता. कसोटी आधी ठरवणे आणि मग निकाल काहीही लागो, तो जसाच्या तसा मांडणे, ही या प्रयोगातली शिकण्याजोगी गोष्ट आहे.

आणि त्यांची स्वाक्षरीची पद्धत तर अविस्मरणीय. व्याख्यान संपले की मुले वह्या पुढे करत. नारळीकर सांगत की, विज्ञानाचा एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तर येईल आणि त्याखाली सहीही असेल. मुले प्रश्न पाठवत आणि सहीनिशी उत्तरे येत. मोठ्या माणसाला भेटल्याच्या आनंदाचे रूपांतर त्यांनी प्रश्नात करून दाखवले. पोस्टकार्डाला जागा मोजकी असते. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव असते, पत्ता असतो आणि उत्तराची वाट पाहण्याची तयारी असते. अंगठ्याला यातले काहीच लागत नाही.

पालकहो, या साऱ्याचा साठ वर्षांच्या या शाळेशी एक फार निकटचा संबंध आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात मूल दोन-तीन भाषांत वाढते. विश्वाची व्याख्याने ते बहुधा इंग्रजीत ऐकते. देवघरातली आरती, आजीची कहाणी आणि वारीची गोष्ट मात्र त्याला मराठीत भेटते. होता होता विज्ञान ही इंग्रजीतली गोष्ट ठरते आणि श्रद्धा ही मराठीतली. आजीच्या फोनवर एखाद्या व्रताचे वैज्ञानिक रहस्य सांगणारे भाषण येते, ती ते कौतुकाने नातवाला दाखवते, नातू इंग्रजीत एक शब्द पुटपुटून खोलीत निघून जातो. आजी दुखावते आणि फोन मिटून ठेवते. दोघांनाही काही सांगायचे असते. पण ‘हे कशावरून?’ हा प्रश्न अनादर न होता मराठीत कसा विचारावा, हे नातवाला कोणी शिकवलेले नसते. घरातले बोलणे असे एकेका भाषणाने कमी होत जाते. हे नुकसान कोणत्याही अंधश्रद्धेपेक्षा लहान नाही.

वास्तविक मराठीची सुरुवातीपासूनची घडण श्रोत्याला मान देणारी आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. ज्या गीतेवर हा ग्रंथ उभा आहे, ती तर अर्जुनाच्या शंकांमुळेच पुढे सरकते. शंका घेणाऱ्याला तेथे कोणी सभेबाहेर काढत नाही. तेव्हा मराठीत प्रश्न विचारणे म्हणजे घराण्याचा संस्कार मोडणे, असे मुलाला वाटू देण्याचे कारण नाही.

यासाठी काही मोठी योजना लागत नाही. घरात एखादे भाषण मोठ्या-लहानांनी मिळून ऐकावे. संपल्यावर प्रथम वक्त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत, मराठीत, एकाने सांगावे. मग प्रत्येकाने एक प्रश्न कागदावर लिहावा आणि मत दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवावे. आजीच्या भाषणाला नातवाचा प्रश्न असावा आणि नातवाच्या भाषणाला आजीचा. उत्तर सापडले नाही, तर तो कागद शाळेत पाठवावा. विज्ञानाच्या शिक्षकांना अशा कागदांची अडचण होणार नाही, आनंदच होईल.

साठ वर्षांपूर्वी ही शाळा सुरू करणाऱ्यांनी मुलांना मराठीत वाचता-लिहिता यावे, एवढीच अपेक्षा धरली नव्हती. त्यांना मराठीत विचार करता यावा, ही त्यामागची इच्छा होती. शाळेच्या दारातील सूचनाफलकाखाली या वर्षी एक पत्रपेटी बसवण्यात आली आहे. प्रश्न पोस्टकार्डावर लिहावा आणि खाली नाव लिहावे, एवढाच तिचा नियम आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही ती आपलीच समजावी.