सूर्यफुलाला पानावरून उठवू नका

श्रोतेहो,

आजचा विषय बागेतलं सूर्यफूल. त्याला ऊन किती लागतं, पाणी किती लागतं, हे तुम्ही जाणता. त्यात मी माझी मिनिटं घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी कुकर बंद करायला उठलं तरी चालेल. सूर्यफुलाचं बी, जिथे फूल बघायचं आहे, तिथेच पेरा. एका जागी रुजवून दुसऱ्या जागी नेऊ नका.

हे सांगायचं कारण म्हणजे दिवाळीच्या सुमाराला हातगाड्यांवर दिसणारी ती काळ्या पिशवीतली रोपं. वीतभर उंची आणि शेंड्याला कळी! कळी दिसली की आपण विरघळतो. घरी आणून मोठ्या कुंडीत लावतो, खत घालतो. मग जेमतेम तीन बोटं रुंदीचं फूल येतं आणि आपण म्हणतो, आमच्याकडे सूर्यफूल होतच नाही. अहो, होतं. पण ती पिशवी एकदा फाडून तळाशी बघा. पांढरं जाड मूळ सरळ खाली आलेलं असतं, प्लॅस्टिकला टेकून आडवं वळलेलं असतं आणि तिथेच स्वतःभोवती वेटोळं घालून बसलेलं असतं. ते वेटोळं नव्या कुंडीत गेल्यावर सरळ होत नाही.

सूर्यफुलाचं मूळ म्हणजे सोटमूळ. वर दोन दळं उघडतात तोवर खाली मूळ बरंच पुढे गेलेलं असतं. वांगी, मिरची, टोमॅटो, झेंडू यांची रोपं आपण बिनधास्त उपटून लावतो, कारण त्यांची मुळं तुटली तरी चटकन फुटवे येतात. ती सवय आपण सूर्यफुलावर चालवतो. पण याचं सगळं आयुष्यच तीन महिन्यांचं. ‘मॉर्डन’ नावाची बुटकी जात तर ऐंशी दिवसांच्या आसपास आटोपते. उगवल्यापासून साधारण महिन्याभरात शेंड्याच्या आत, डोळ्यांना दिसणार नाही अशी, फुलाची जुळवाजुळव सुरू होते. नेमके त्याच सुमाराला रोप जागा बदलल्याच्या धक्क्यात आठ-दहा दिवस मान टाकून बसलं, तर फूल लहान होणारच. मागाहून कितीही खत घाला, वेळ निघून गेलेली असते.

आपल्याकडे भरल्या पानावरून माणसाला उठवत नाहीत. पंगत बसलेली आहे, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मधे वरण-भात, वर तुपाची धार. आता त्या पाहुण्याला म्हणा, जरा त्या कोपऱ्यात बसता का? तो उठेल बिचारा, पान उचलून जाईलही. पण वरण कोशिंबिरीत मिसळलेलं असेल, द्रोण कलंडलेला असेल आणि बसेपर्यंत वाढपी पुढे गेलेला असेल. माणूस उपाशी उठत नाही, पण जेवलाही नाही. पिशवीतल्या सूर्यफुलाचं तेच होतं. म्हणून पान मांडायच्या आधी जागा ठरवा. दोन पानांत अंतर ठेवा, बुटक्या जातीला एक फूट, उंच जातीला दीड ते दोन फूट. कोपराला कोपर लागला की कुणालाच धड जेवता येत नाही. आणि सगळ्यांना एकाच पंगतीला बसवू नका! आज चार बिया, पंधरा दिवसांनी आणखी चार, असं केलंत तर फुलं पुष्कळ दिवस पुरतील.

आता लातूर-सोलापूरकडचा शेतकरी काय करतो ते बघा. मूळचं हे झाड उत्तर अमेरिकेतलं. स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं, रशियात त्याचं तेलाचं पीक झालं आणि तिथल्याच जाती 1969 मध्ये आपल्याकडे तेलबिया म्हणून आल्या. तेव्हापासून आजवर कुणी शेतकरी सूर्यफुलाची रोपं तयार करून लावताना मला दिसलेला नाही. तो टोकण करतो. एका ठिकाणी दोन बिया, आणि उगवल्यावर दहा-पंधरा दिवसांनी विरळणी.

या विरळणीपाशीच आपला हात वळवळतो. एका खड्ड्यात दोन्ही बिया उगवलेल्या असतात, शेजारच्या खड्ड्यात एकही नसते. मग वाटतं, जास्तीचं रोप अलगद काढून तिकडे लावावं, जीव कशाला घ्यायचा? नका लावू. जास्तीचं रोप कात्रीने बुडाशी कापा. ओढलंत तर जवळच्या दुसऱ्या रोपाची मुळं हलतात. रिकाम्या जागी नांग्या भरायच्या त्या बियांनी. नवं बी चार दिवस मागे राहील, पण स्वतःच्या पानावर बसून जेवेल.

मला कुणी म्हणेल, बाहेर पेरलं की पक्षी उकरून खातात, म्हणून आम्ही आत ट्रेमध्ये रुजवतो. बरोबर आहे, खातात. चिमण्या तर कोवळी दळं खुडतात, आणि पावसाळ्यात गोगलगाईही येतात. त्यावर इलाज आहे. पेरलेल्या जागेवर जुनी तारेची टोपली पालथी घाला, वर दगड ठेवा. पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती उभी रोवली तरी चालते, फक्त बूच काढून ठेवा, नाहीतर आत वाफ धरते. चार पानं झाली की टोपली काढा. रोप हलवण्यापेक्षा टोपली हलवणं सोपं.

दुसरं म्हणणं पावसाचं. धो धो पावसात बी कुजतं, हेही खरं. पण मग जून-जुलैचा हट्ट कशाला? सूर्यफुलाला दिवस लहान-मोठा असण्याचं सोयरसुतक नाही, ते तिन्ही हंगामांत येतं. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी पाऊस जाऊ द्यावा, दसऱ्यानंतर पेरावं. तेव्हा जमलं नाही तर संक्रांतीला पेरा.

बी कुठलं घ्यायचं? खारवलेलं, भाजलेलं बी उगवत नाही, सोललेला गर तर नाहीच नाही. पक्ष्यांच्या खाण्यात मिळणारं काळं, सालासकट बी पुष्कळदा उगवतं, फक्त झाड कसं निघेल त्याचा भरवसा नाही. आणि घरच्या फुलाचं बी काढलंत, तर लगेच पेरू नका. ताजं बी साधारण दीड महिना झोपलेलं असतं. लोक पेरतात, वाट बघतात आणि मला विचारतात, बी खराब आहे का? बी चांगलं आहे, थांबा थोडं. जुनं बी रात्रभर भिजवून सकाळी पेरा, तीन-चार सेंटिमीटर खोल, म्हणजे बोटाचं दीड पेर. टोकाकडची बाजू खाली, कारण मूळ तिथूनच निघतं. आडवं पडलं तरी बिघडत नाही, ते वळून घेतं. उगवताना टरफल कधी कधी दळांना चिकटून वर येतं. ते नखाने ओढू नका, दळ फाटतं. ओल्या बोटाने भिजवून सोडून द्या.

आता जागेबद्दल, कारण एकदा पेरलं की हलवायचं नाही असं मी म्हणते आहे, तर जागा नीट निवडायला हवी. कोवळं झाड सूर्याच्या मागे मान वळवतं, रात्रीत पुन्हा पूर्वेला येतं. पण पूर्ण उमललेलं फूल फिरत नाही, ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2016 साली याचा उलगडा प्रसिद्ध केला. कोवळ्या खोडाची दिवसा पूर्वेकडची बाजू जास्त वाढते आणि रात्री पश्चिमेकडची, म्हणून मान वळते. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं आणि त्यावर मधमाश्या जास्त येतात. म्हणजे तुमच्या बसायच्या जागेच्या पश्चिमेला बी लावलंत तर फूल तुमच्याकडे बघेल. पूर्वेला लावलंत तर तीन महिने खपून शेवटी फुलाची पाठ बघायची!

त्याच संशोधनात कुंडीतली झाडं रोज संध्याकाळी फिरवून ठेवली, म्हणजे सकाळी त्यांचं तोंड उलट्या दिशेला. ती झाडं कमी वाढली. ऐकताय ना, गॅलरीवाले? ऊन सगळीकडून लागावं म्हणून कुंडी फिरवू नका. कुंडी निदान फूटभर खोल घ्या, बुटकी जात घ्या, आणि बी थेट त्याच कुंडीत. आधी लहान कुंडी, मग मोठी, हा प्रकार इथे नको.

काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत. तर, अगदीच नाइलाज असेल, जागाच तयार नसेल, तर वर्तमानपत्राच्या कागदाची उभी पुंगळी करून तीत बी लावा आणि दळांमधून पहिली दोन पानं निघतात न निघतात तोच पुंगळीसकट जमिनीत ठेवा. कागद सोडवायचा नाही. पण ही सवलत आहे हं, रीत नव्हे, आणि तीही एकदाच. पुंगळीतून कुंडीत आणि कुंडीतून वाफ्यात असं करू नका.

फूल उमललं की सकाळी औषध फवारू नका, ती मधमाश्यांची वेळ असते. माश्या दिसत नसतील तर हाताला मऊ कापड गुंडाळून सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच फिरवा, एक दिवसाआड. शेतातही करतात. म्हणून दोन फुलं एका वेळी उमललेली हवीत, मघाशी एकेक न म्हणता चार-चार बिया म्हटलं ना, ते याचसाठी. फुलाची पाठ हिरवी असते ती लिंबासारखी पिवळी झाली की बी भरत आलं समजा, आणि त्याच वेळी पोपट येतात. त्यांच्यासाठी जुनं सुती कापड फुलावर सैल बांधायचं, प्लॅस्टिक नाही, आत घाम धरून बी बुरसतं. खारींचं मात्र कापडाने भागत नाही, त्यांच्यासाठी खोडाला पत्र्याचा... नाही, वेळ संपलीच.