पायऱ्यांपाशी अडलेला रविवार



रविवारची सुटी आपल्याला पंचांगाने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. साच्यापाशी उभे राहून ज्यांचे गुडघे गेले, गोदीत ओझी वाहून ज्यांच्या कंबरेचा काटा ढिला झाला, त्यांच्या वाट्याला हा रविवार कितपत येतो, एवढेच मला आज विचारावयाचे आहे.

आपली राणीची बाग घ्या. आतले रस्ते बरेचसे सपाट, झाडांची सावली दाट. चाकांच्या खुर्चीत बसून नातवंडांबरोबर दोन तास सुखाने घालवावेत अशी जागा. पण सहल बागेच्या दारापासून सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यापासून होते. चाळीचा जिना, फुटपाथची वीतभर उंच कड, तिच्यावर चढवून ठेवलेली मोटारसायकल आणि मग रेल्वेचा पूल! लोकलमध्ये अपंगांसाठी डबा राखलेला आहे खरा. पण फलाट आणि डबा यांमधली फट खुर्चीतल्या माणसाने एकट्याने ओलांडावी कशी? घारापुरीला तर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या. तेथे डोलीवाले खुर्चीत बसवून वर नेतात. त्यांच्या खांद्यांना माझा नमस्कार. परंतु एकदा असा उचलून नेलेला माणूस पुढच्या खेपेला म्हणतो, “तुम्ही जाऊन या, मी घर राखतो.” हे वाक्य मी पुष्कळ घरांतून ऐकले आहे. घर राखण्याची हौस कुणालाच नसते.

आपण म्हणाल, खर्च फार. हिशेब साधा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. त्याहून आखूड केला की त्याची घसरगुंडी होते. अशा घसरगुंड्या शहरात थोड्या नाहीत. उद्घाटनाचा फोटो निघाला की त्यांचे काम संपते! घारापुरीच्या डोंगराला हे गणित लागू पडणार नाही, पण भायखळ्याच्या फुटपाथला का पडू नये? वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. मनात आणले म्हणजे जमते.

आणि हे कुणाच्या दयेवरही नाही. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम २०१७ साली निघाले. मुदत २०२२ साली सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असे केंद्र सरकारला बजावले. मालकाने करारातली मुदत चुकवली तर युनियन काय करते, हे या सभागृहात निदान निम्म्या लोकांना ठाऊक असेल.

येत्या रविवारी आमचे काही निवृत्त कामगार भायखळा स्टेशनपासून राणीच्या बागेपर्यंतची वाट टेपने मोजणार आहेत: कड किती उंच, उतार कुठे, मुतारीच्या दारातून खुर्ची आत जाते की नाही. यादी वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्यावयाची आहे. सकाळी आठ वाजता स्टेशनच्या पूर्वेला जमायचे. खुर्ची आम्ही आणतो; टेप मात्र दोनच आहेत, कुणाकडे असल्यास घेऊन यावी.