भाग ३७ : 'पळपुटा' म्हणालो होतो, त्याबद्दल

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, ऑफिसात असाल तर एकच इअरबड लावा. नेहमीप्रमाणे हा भाग आधी लिहून मग रेकॉर्ड केलाय, त्यामुळे इथे वाचताय ते जवळजवळ जसंच्या तसं आहे.

आज एक जुनं देणं फेडायचंय. काही महिन्यांपूर्वी आपण 'मॅच अर्धवट सोडणारे' असा एक भाग केला होता. त्यात मी एका पोलिश बॉक्सरची क्लिप सांगितली होती. समोर माइक टायसन, दोन राउंड झालेत, आणि हा सव्वासहा फुटी माणूस स्टुलावरून उठून म्हणतो की मी नाही खेळत. त्याचा कोच त्याच्या तोंडात माउथगार्ड कोंबायला बघतोय आणि हा त्याला बाजूला सारतोय. मी त्याला 'पळपुटा' म्हणालो, वर हसलोही. चार दिवसांनी एका श्रोत्याचा मेसेज आला. एकच ओळ होती : "दादा, त्याच्या गालाचं हाड मोडलं होतं, माहितीये का?"

मला माहिती नव्हतं. क्लिप दीड मिनिटाची होती आणि मी तेवढीच बघितली होती. मग पुढचे तीन शनिवार-रविवार मी या माणसाच्या जुन्या फाइट बघत बसलो. त्याचं नाव आंद्जेय गोलोटा. खरं तर पोलिश उच्चार 'गोवोता'च्या जवळ जातो, कारण त्यांच्या त्या 'एल'वर एक आडवी रेघ असते आणि तो 'व'सारखा म्हणतात. पण जगभरच्या कॉमेंटेटरांनी गोलोटा केलंय, तर मीही तेच म्हणतो. पोलंडमधल्या कुणी ऐकलं तर माफी.

जन्म १९६८ चा, वॉर्साचा. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये हेवीवेटचं ब्राँझ. म्हणजे गल्लीतला दांडगा पोरगा वगैरे नाही, नीट शास्त्रशुद्ध शिकलेला बॉक्सर. १९९० मध्ये पोलंडमध्ये एका बारमधल्या मारामारीचं प्रकरण अंगावर आलं आणि तो अमेरिकेत गेला, शिकागोला. शिकागोत पोलिश लोकांची इतकी मोठी वस्ती आहे की तिथे तो परका नव्हताच. १९९२ मध्ये प्रोफेशनल झाला आणि १९९६ च्या उन्हाळ्यापर्यंत २८ फाइट, २८ विजय.

पण त्या २८ मध्येही काहीतरी खटकतं. १९९५ मध्ये एका फाइटमध्ये त्याने समोरच्याला चक्क चावा घेतला. टायसनने होलीफिल्डचा कान चावला त्याच्या दोन वर्षं आधी! १९९६ च्या मार्चमध्ये दुसऱ्या एकाला डोक्याने धडक मारली. दोन्ही फाइट तो जिंकला. जिंकला म्हणून कुणी फारसं विचारलं नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात वॉर्निंग लॉगमध्ये होती, पण सर्व्हर चालू होता.

आता ११ जुलै १९९६. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर रिडिक बो. हा माजी विश्वविजेता, होलीफिल्डला हरवलेला, त्यावेळी फक्त एक पराभव नावावर. बोने गोलोटाला हलक्यात घेतलं होतं हे त्याच्या पोटाकडे बघूनच कळतं. २५२ पाउंड, म्हणजे ११४ किलो वजन घेऊन आला होता. पोलंडमध्ये तेव्हा पहाट, कारण घड्याळ न्यूयॉर्कच्या सहा तास पुढे. आपल्याकडे ऑस्ट्रेलियातल्या टेस्टसाठी जसे पाचला उठून टीव्ही लावतात ना, तशी ही माणसं गोलोटासाठी उठायची.

आणि उठल्याचं सार्थक होईल अशी ती फाइट होती. ज्यांनी कधी बॉक्सिंग बघितलं नाही त्यांनी पहिले तीन राउंड बघाच. गोलोटाचा डावा जॅब सुईसारखा सरळ जातो. एवढा मोठा माणूस, पण पाय हलके. बो अंगावर येतोय आणि हा त्याला अंतर देतच नाही. जग ज्याला भावी राजा समजत होतं तो चाचपडतोय.

मग कमरेखाली ठोसे सुरू होतात. बॉक्सिंगमध्ये पट्ट्याच्या खाली मारणं फाउल. रेफरी आधी समज देतो, मग पॉइंट कापतो, शेवटी बाहेर काढतो. रेफरी वेन केली यांनी तीन वेळा पॉइंट कापले. तीन वेळा! कोचने कोपऱ्यात बसवून सांगितलं की वर मार, तू जिंकतोयस. आणि सातव्या राउंडमध्ये, तिन्ही जजेसच्या कार्डांवर पुढे असताना, त्याने पुन्हा खाली मारलं. बो कोसळला, गोलोटा डिसक्वालिफाय. पुढे जे झालं ते कदाचित तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. बोची माणसं रिंगमध्ये घुसली, एकाने गोलोटाच्या डोक्यात वॉकीटॉकी घातला, टाके पडले. त्याचा सत्तरी ओलांडलेला कोच लू डुवा रिंगमध्येच कोसळला, त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. प्रेक्षकांत पोलिश आणि बोचे समर्थक एकमेकांवर खुर्च्या फेकत होते.

ठीक आहे, एकदा होतं. माणूस तापतो. १४ डिसेंबरला, म्हणजे पाच महिन्यांनी, अटलांटिक सिटीत पुन्हा तेच दोघे. बो आता वजन कमी करून आलेला. गोलोटाने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये खाली पाडलं, चौथ्यात बोने याला पाडलं, पाचव्यात याने परत बोला पाडलं. मी हे बघताना उभा राहिलो होतो, निकाल माहीत असूनही. पुन्हा गोलोटा तिन्ही कार्डांवर पुढे. पुन्हा कमरेखाली. नवव्या राउंडमध्ये पुन्हा डिसक्वालिफाय.

इथे मी बराच वेळ अडकलो. इंजिनिअर माणूस, मला रूट कॉज लागतं. बग एकदा आला तर योगायोग म्हणतो, पण त्याच स्टेप्सने परत आला तर कारण सापडलंच पाहिजे. लोकांनी गोलोटाबद्दल कारणं भरपूर दिलीत. कुणी म्हणतं दमला की हात खाली येतो. कुणी म्हणतं त्याला जिंकायची भीती होती. बो अंगावर झुकून वाकायचा, त्यामुळे पट्टा वर-खाली व्हायचा, हाही एक मुद्दा आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण मी दोन्ही फाइट पॉज करून करून बघितल्या. काही ठोसे निसटते आहेत. काही मात्र सरळ आहेत, त्यात निसटण्यासारखं काही नाही. 'जिंकायची भीती' हे उत्तर ऐकायला भारी वाटतं, पण ते नंतर पॉडकास्ट करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या सोयीचं आहे. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते फुटेजमध्ये दिसत नाही.

बोचं काय झालं तेही ऐका. कागदावर दोन्ही फाइट त्यानेच जिंकल्या. त्यानंतर तो जवळजवळ आठ वर्षं रिंगमध्ये उतरला नाही. त्या दोन 'विजयां'त त्याने इतका मार खाल्ला होता.

गोलोटाला मात्र संधी मिळतच गेल्या. ऑक्टोबर १९९७ मध्ये लेनॉक्स लुइसविरुद्ध डब्ल्यूबीसीचं टायटल, ९५ सेकंदांत संपलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये मायकेल ग्रँट. ग्रँटला पहिल्याच राउंडमध्ये दोनदा पाडलं, दहाव्यापर्यंत आघाडीवर, मग स्वतः पडला. उठला. रेफरीने विचारलं, पुढे खेळायचंय? तो नाही म्हणाला. तेव्हापासून त्याच्या नावाला 'हा सोडतो' हे चिकटलं.

म्हणजे २० ऑक्टोबर २००० ला मिशिगनमध्ये टायसनसमोर तो उतरला तेव्हा लोकांनी निकाल आधीच लिहून ठेवला होता. पहिल्या राउंडच्या शेवटी टायसनच्या उजव्या हाताने तो खाली गेला, उठला, दुसरा राउंड काढला. तिसऱ्याआधी म्हणाला, बस. बाहेर जाताना लोकांनी त्याच्यावर पेयांचे ग्लास भिरकावले. माझी क्लिप इथे संपते.

क्लिपनंतर काय झालं? हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली. डाव्या गालाचं हाड फ्रॅक्चर, मेंदूला धक्का, मानेतल्या मणक्याची चकती सरकलेली. आणि फाइटनंतरच्या टेस्टमध्ये टायसनच्या नमुन्यात गांजा सापडल्यामुळे तो निकालच रद्द झाला. रेकॉर्डमध्ये गोलोटा ती फाइट हरलेलाच नाही.

मी ज्या माणसावर हसलो त्याच्या मानेला आणि मेंदूला त्या क्षणी इजा झालेली होती. तिसऱ्या राउंडला तो उभा राहिला असता तर मी त्याला शूर म्हणालो असतो, आणि त्याला व्हीलचेअरवर बघून 'इन्स्पायरिंग' भाग केला असता. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. गेल्या वर्षी पाठदुखी असताना रिलीज आहे म्हणून मी सलग नऊ दिवस चौदा-चौदा तास बसलो होतो. नंतर सहा आठवडे झोपून होतो. तेव्हा कुणी मला 'डेडिकेटेड' म्हटलं की मला बरं वाटायचं.

आता म्हणून ग्रँटची फाइटही माफ आणि बोच्या फाइटही माफ, असं मी म्हणणार नाही. ग्रँटसमोर तो खेळू शकला असता असं मला अजून वाटतं. आणि बोला कमरेखाली मारण्यात शौर्य-बिर्य काही नाही, तो समोरच्यावर अन्याय आहे.

त्यानंतरचा गोलोटा बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि तोच मला सगळ्यात आवडला. तीन वर्षं बाहेर राहून परत आला. १७ एप्रिल २००४, ख्रिस बर्डविरुद्ध आयबीएफचं टायटल, तेही त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. बारा राउंड स्वच्छ खेळला. एका जजने ११५-११३ बर्डला दिलं, दुसऱ्याने ११५-११३ गोलोटाला, तिसऱ्याने ११४-११४. ड्रॉ! ड्रॉमध्ये बेल्ट चॅम्पियनकडेच राहतो. सात महिन्यांनी जॉन रुइझला दुसऱ्या राउंडमध्ये दोनदा पाडलं, रुइझचा एक पॉइंटही कापला गेला, रुइझच्या ट्रेनरला रेफरीने हाकललं, आणि तरी तिन्ही जजेसनी रुइझला जिंकवलं. मी तर तो निकाल वाचून मोबाइल गादीवर आपटला. २००५ मध्ये शिकागोत, स्वतःच्या शहरात, लॅमन ब्रूस्टरने त्याला एका मिनिटाच्या आत संपवलं. डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीओ : चारही टायटलांसाठी लढला, एकही मिळालं नाही.

शेवट शेवटचं भरभर सांगतो. २००९ मध्ये पोलंडच्या वूच शहरात तोमाश आदामेककडून पाचव्या राउंडमध्ये हरला, २०१३ मध्ये प्शेमिस्वाव सालेताकडून सहाव्यात. एकूण ४१ विजय, ९ पराभव, १ ड्रॉ आणि ती टायसनवाली रद्द फाइट.

पण मधली एक राहिली. जानेवारी २००८, पुन्हा न्यूयॉर्क, समोर माइक मोलो, याच्याहून बराच तरुण. गोलोटा ४० वर्षांचा. फाइटमध्ये त्याचा डोळा सुजून बंद झाला, पार बंद. त्या बाजूने येणारा ठोसा दिसायची सोय नाही. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं, आणि जागतिक टायटलही पणाला नव्हतं. तो बाराच्या बारा राउंड खेळला आणि पॉइंट्सवर जिंकला. मला ते बघताना अभिमान वाटला, आणि लगेच त्या डोळ्याची काळजी वाटली. दोन्ही एकदम.

तर, जुना भाग मी काढून टाकलेला नाही. जिथे 'पळपुटा' शब्द येतो तिथे तीस सेकंदांचं नवीन रेकॉर्डिंग टाकलंय आणि मेसेज करणाऱ्या श्रोत्याचे आभार मानलेत. बर्डची पूर्ण फाइट शोधून बघा आणि तुमचं कार्ड राउंडनुसार मला पाठवा. माझं ११५-११३ आलंय, गोलोटाच्या बाजूने.