संगणक-प्रणाली : तबकडीवरून तारेवर



परभणी जिल्ह्यातील शाळांची माहिती संगणकावर घेण्याचे काम जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या निमित्ताने सुरू झाले. १९९४ साली या कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील पाच जिल्हे घेण्यात आले. तत्कालीन औरंगाबाद व उस्मानाबाद, लातूर आणि नांदेड यांच्यासमवेत त्यांत परभणी होता. आकड्यांवाचून नियोजन होत नाही. यास्तव नवी दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेने ‘डाइस’ ही प्रणाली सिद्ध केली. ३० सप्टेंबर ही तारीख प्रमाण मानून मुख्याध्यापकाने कागदी प्रपत्र भरावयाचे, ते तपासले जावयाचे आणि मग वरच्या कार्यालयात संगणकात चढवावयाचे, असा तो क्रम होता.

प्रणाली म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचा संच. तो त्या काळी हातात धरता येणाऱ्या वस्तूच्या रूपानेच एका ठिकाणाहून दुसरीकडे जाई. साडेतीन इंची फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट मजकूर मावे. ‘विंडोज ९५’ची फ्लॉपीवरील प्रत तेरा तबकड्यांची होती, त्यांतील एक जरी वाचली गेली नाही, तरी उरलेल्या बारांचा उपयोग नसे. पुढे सीडी आली आणि सुमारे ४८० फ्लॉप्यांचा ऐवज एका चकतीवर बसला. तथापि मूळ अडचण तशीच राहिली. प्रणालीत चूक निघाली, की दुरुस्त प्रत पुन्हा ठिकठिकाणी पाठवावी लागे, आणि ती पोहोचेपर्यंत एक कार्यालय नव्या आवृत्तीवर तर दुसरे जुन्यावर काम करी. तबकडीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. ती कपाटात राहत असे, आणि वीज असली म्हणजे काम चालत असे.

मराठीच्या वापरातही हे स्थित्यंतर दिसले. एका कार्यालयात ‘सुरेख’ टंकात लिहिलेले पत्र तो टंक नसलेल्या दुसऱ्या कार्यालयात अगम्य चिन्हांच्या रूपाने उघडे, हा अनुभव अनेक लिपिकांच्या स्मरणात असेल. २००५ पासून केंद्र शासनाने भारतीय भाषांसाठी टंक व इतर साधने असलेल्या सीडी विनामूल्य देण्यास आरंभ केला. पुढे मराठीचीही सीडी निघाली. नाव नोंदविणाऱ्यास ती टपालाने घरपोच मिळे, आणि तीच साधने संकेतस्थळावरून उतरवूनही घेता येत. पोस्टमन आणि तार ही दोन्ही वाहने काही काळ अशी बरोबरीने चालली.

शालेय माहितीच्या बाबतीत २०१२-१३ मध्ये प्राथमिक व माध्यमिकची संकलने ‘यू-डाइस’मध्ये एकत्र झाली आणि २०१८-१९ पासून ‘यू-डाइस प्लस’द्वारे माहिती थेट संकेतस्थळावर भरली जाऊ लागली. येथे शाळेत तबकडी यावयाची नसते आणि संगणकात काही बसवावयाचेही नसते. एके ठिकाणी केलेली दुरुस्ती जिंतूर आणि गंगाखेड या दोन्ही ठिकाणी तत्क्षणी लागू होते. हा लाभ मोठा आहे, परंतु त्याचे मोल कोणी दिले हेही पाहिले पाहिजे. तालुक्याला जे काम माहिती भरणारा कर्मचारी करी, ते आता मुख्याध्यापकाकडे आले. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक जोडणीची वाट पाहत बसला, तर एका वर्गाचा तास बुडतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पण तार पंचायतीच्या दारापर्यंत आली म्हणजे ती शाळेच्या खोलीत आली असे होत नाही. तो शेवटचा टप्पा ग्रामसभेत मांडण्याजोगा आहे. तोवर गटसाधन केंद्राने केंद्रनिहाय दिवस ठरवून खात्रीची जोडणी उपलब्ध करून दिली, तर शिक्षकांची पायपीट तरी नेमकी होईल.

तारेवरून येणारी प्रत्येक गोष्ट सतत तारेवर अवलंबून असलीच पाहिजे असे नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील पाठ एकदा उतरवून घेतले, की जोडणीविना वर्गात दाखविता येतात आणि एका यंत्रातून दुसऱ्यात देताही येतात. हे काम बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी उरकता येते.

सावधगिरीचा प्रश्न जुनाच आहे. १९८६ सालचा लाहोरचा ‘ब्रेन’ हा संगणक-विषाणू फ्लॉपीतूनच पसरला होता. आता शासकीय योजनेच्या नावाने भ्रमणध्वनीवर ‘एपीके’ फायली येतात, आणि त्या उघडणाऱ्याचे बँक खाते रिकामे होऊ शकते. तबकडी कोणी दिली हे निदान ठाऊक असे. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली, एवढ्याने ती विश्वासार्ह ठरत नाही. प्रणाली संबंधित विभागाच्या संकेतस्थळावरून वा अधिकृत भांडारातूनच घ्यावी.

राहता राहिल्या जुन्या तबकड्या. त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आहेत, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद कपाटातील चुंबकीय थर फार काळ शाबूत राहत नाही. अभिलेख निकाली काढताना अशी फ्लॉपी सापडल्यास ती टाकण्यापूर्वी तिच्यातील मजकूर उतरवून घ्यावा. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीच्या वर्षांत कळमनुरी आणि वसमतच्या शाळांची माहितीही परभणीची म्हणूनच गोळा झाली होती. त्यामुळे तेथील एखाद्या शाळेची जुनी पटसंख्या हवी असल्यास शोध परभणीच्या कपाटांतही घ्यावा लागेल.