पावसाचे चार महिने: मुंबई की रत्नागिरी?

मे महिना सरत आला की आमच्या वाडीत आगोटीची कामं सुरू होतात. सरपण भरायचं, पेंढा झाकायचा, घर शाकारायचं. गेली काही वर्षं त्यात आणखी एक काम आलंय. पावसात कोण कुणाकडे राहायला जाणार, ते ठरवायचं.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. २००५ च्या जुलैत जुई आणि दासगाव. २०२१ च्या २२ जुलैला तळीये, आणि पोलादपूरकडे केवनाळे, साखर सुतारवाडी. आमची वाडीही डोंगराच्या पायथ्याशी. जोराच्या पावसाचा इशारा आला की आम्ही शाळेत जातो. पण शाळेत दोन रात्री काढणं वेगळं आणि चार महिने काढणं वेगळं. म्हणून ज्यांचे गुडघे धरलेत, ज्यांना रात्री-अपरात्री पळता येत नाही, त्या बायका शहरात मुलाकडे नाहीतर लेकीकडे जातात.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. आमच्या गटातल्या एका काकींना कुणी विचारलंच नाही. मुलगा मुंबईला, म्हणून मुंबई. एक खोली, सहा माणसं, तिसरा मजला. मुलगा-सून चांगली, पण कामाला गेली की दिवसभर बोलायला कुणी नाही. जिना उतरवत नाही, म्हणून बाहेर जाणंही नाही. जुलैच्या मध्यावर काकी "देवापुढं दिवा नाही" म्हणत निघून आल्या आणि नेमक्या मोठ्या पावसात डोंगराखालच्या घरात एकट्या झोपल्या. सकाळी कळलं तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. हाताला धरून त्यांना शाळेत आणलं. दरड आली नाही, हे नशीब. पण आम्ही एक गोष्ट शिकलो. जिथं मन लागत नाही, तिथून माणूस धोक्याच्या घरीच परत येतो.

पूर्वी हा प्रश्न बाईपुढे यायचाच नाही. गिरण्यांच्या काळात पुरुष मुंबईला जायचे, गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचे, खाणावळीत जेवायचे. बाई गावी शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायची. पुरुषाची नोकरी जिथं, तेच शहर. आता राहायचं आपल्याला आहे, तर ठरवायचंही आपणच.

आमच्यातल्या बहुतेकींपुढे दोनच वाटा असतात, मुंबई किंवा रत्नागिरी. दोन्ही समुद्राकाठची, आणि महाड साधारण दोघींच्या मधोमध. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढं प्रवास मोफत. म्हणजे भाड्यावरून अडायचं कारण नाही.

मग कशावरून ठरवायचं? पहिलं, दुखणं. हृदयाचं, कॅन्सरचं मोठं दुखणं असेल तर मुंबई बरी. परळला केईएम आणि टाटा ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. नुसत्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय पुरतं. दुसरं, जागा. किती माणसं, किती जिने, संडास घरात की बाहेर, हे आधीच विचारा. लाजू नका. तिसरं, पाणी. समुद्राकाठी पाऊस कमी नसतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. घरात पाणी शिरतं का, ते शेजाऱ्यांना विचारा. चौथं, वाट. रत्नागिरीच्या रस्त्यावर कशेडी आणि परशुराम घाट आहेत. तिकडं जायचं तर पाऊस लागण्याआधी जा, मध्येच ये-जा नको. पाचवं आणि सगळ्यात मोठं, सोबत. दिवसभरात आपल्याशी चार शब्द बोलणारं कुणी आहे का?

जमलं तर पावसाआधी आठ दिवस राहून या. पाहुणी म्हणून नाही, घरातली म्हणून. भाजी आणा, दवाखाना बघा, जिना चढून बघा.

निघण्याआधी तीन गोष्टी करा. अन्नसुरक्षेचं रेशन राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं. तुमचा वाटा तिकडे आणि घरच्यांचा गावी, असंही घेता येतं. त्यासाठी कार्डाला आधार जोडलंय का, ई-केवायसी झालीय का, ते बघून घ्या. दुसरं, महिन्याभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांचे जुने कागद एका पिशवीत ठेवा. तिसरं, बचत गटाचा हप्ता कोण भरणार, ते मीटिंगमध्ये सांगून वहीत लिहून घ्या. चार महिने बाहेर राहिलं म्हणून गटातलं नाव जाता कामा नये.

दुसऱ्या वर्षी आम्ही काकींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लेकीकडं रत्नागिरीला जाते. पडवी आहे, शेजारीण बोलकी आहे." लेकीकडं इतके दिवस कसं राहायचं, असं कुणीतरी म्हणालंच. काकींनी ऐकून घेतलं आणि पिशवी भरली. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून ताजी मासळी मिळाली नाही, एवढीच त्यांची तक्रार. मध्येच एकदाही परत आल्या नाहीत. गणपतीला आल्या त्या लेकीला आणि नातवाला घेऊन.

मैत्रिणींनो, यंदा मे महिन्याच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या. वाडीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला विचारा, "तुला कुठं राहायला आवडेल?" उत्तर यायला वेळ लागेल, कारण तिला हे आजवर कुणी विचारलेलं नसतं. थांबा, आणि ती सांगेल ते ऐका.