चाबुकस्वार विष्णुपंत छत्रे



मार्गशीर्ष लागला की आमच्या दोंडाईच्यात घोड्यांच्या गोष्टी सुरू होतात. जवळच तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडील पांढरे नुकरे अशी नाना जातींची जनावरे तेथे येतात. गिऱ्हाईक दात पाहतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो. गळ्याशी देवमण सापडला की किंमत चढते. घोड्याचे नाव व कूळ सारे विचारतात. त्याला चाल कोणी शिकविली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज अशाच एका शिकविणाऱ्याविषयी बोलावयाचे आहे. हा गृहस्थ आमच्या खानदेशचा नव्हे. सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या अंकलखोपचा. त्यांचे नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

विष्णुपंतांना दोन नाद होते, गाण्याचा आणि घोड्याचा. आमच्या पिढीतील बापाने एवढ्यावरूनच मुलाची आशा सोडली असती! हे दोन्ही नाद त्यांना ग्वाल्हेरीस घेऊन गेले. तेथे गायनासाठी हद्दूखाँ आणि अश्वविद्येसाठी बाबासाहेब आपटे असे दोन गुरू त्यांना लाभले. पुढे त्यांनी संस्थानी पागेत चाबुकस्वाराची नोकरी केली.

चाबुकस्वार या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. चाबूक मारणारा तो चाबुकस्वार, असे वाटते. वस्तुतः जाणता शिक्षक चाबूक बहुधा दिशा दाखविण्यापुरता वापरतो. घोडा भित्रे जनावर आहे. एकदा मनात धाक बसला की तो शिकलेले विसरतो व मार तेवढा लक्षात ठेवतो. (शाळेतही याहून फारसे निराळे घडत नाही.) म्हणून ठरल्या वेळी खरारा, ठरल्या वेळी चंदी, रोज त्याच आवाजात तोच शब्द, आणि मग लांब दोरीवर गोल कावा, असा हा धंदा आहे. त्यास सणवार नाही आणि सुट्टीही नाही.

विष्णुपंतांच्या या कष्टांना सर्कशीचे रूप आले ते १८८० साली. किआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस त्या सुमारास मुंबईस आली होती. हिंदुस्थानी माणसांना असे खेळ साधावयाचे नाहीत, अशा आशयाचे बोलणे झाले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान उचलले, अशी कथा सांगतात. आव्हानाची हकीकत थोडी रंगविलेली असेलही. परंतु छत्र्यांची सर्कस उभी राहिली ही गोष्ट खरी, आणि आपल्या देशातील आधुनिक सर्कशीचा आरंभ तेथूनच मानतात.

सर्कशीचे रिंगण म्हणजे मूळचे घोड्याचेच रिंगण. इंग्लंडात फिलिप अ‍ॅस्टले नावाच्या घोडदळातील शिपायाने १७६८ साली वर्तुळात घोडा पळवून खेळ दाखविण्यास आरंभ केला. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला. घोडा एका गतीने गोल धावू लागला की तो आत कलतो. पाठीवर उभा असलेला स्वारही आत झुकतो आणि बाहेर फेकू पाहणाऱ्या ओढीशी त्याचा तोल जमतो. सरळ वाटेवर असे उभे राहणे पुष्कळच कठीण. आमच्या चाबुकस्वारांच्या काव्यात हेच शास्त्र होते; विष्णुपंतांना ते परके वाटण्याचे कारणच नव्हते.

परंतु मला या माणसाचे मोठेपण रिंगणापेक्षा त्याच्या बिऱ्हाडात अधिक दिसते. सर्कस हे त्यांनी घरातल्या माणसांना घेऊन उभे केलेले काम होते. बंधू काशीनाथपंत कारभारात होते. स्वतः विष्णुपंत घोड्यांवरील कामे करीत, आणि त्यांच्या पत्नीही खेळांत भाग घेत, असे सर्कशीच्या इतिहासात नमूद आहे. १८८० च्या सुमारास ब्राह्मण घरातील सौभाग्यवतीने लोकांसमोर तंबूत उतरावे, याला घरच्या पुरुषाचा केवढा पाठिंबा लागला असेल, आणि त्या बाईंचे स्वतःचे धैर्य केवढे! अशा माणसांची मोट बांधून गावोगाव हिंडावयाचे, माणसांच्या जेवणाआधी जनावरांच्या चंदीची काळजी वाहावयाची, हा प्रपंच साधा नव्हे. मलबारात तेलिचेरीस खेळ झाले तेव्हा कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांचा परिचय झाला, आणि तेथील तालमीतून पुढे सर्कशींना कित्येक कसरतपटू मिळाले. इकडे सांगलीच्या परिसरातही देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी निघाल्या.

या बिऱ्हाडात आणखी एक माणूस होता. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ हे असामान्य गवई. परंतु घरातील मृत्यूंनी व व्यसनाने खचून काशीकडे दीनवाण्या स्थितीत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांना ओळखले, आपल्याबरोबर आणले, आणि गुरुपुत्र म्हणून सांभाळले. ज्याच्या मनाचा लगाम सुटला आहे अशा माणसाला वेळेवर जेवू घालणे, सावरणे, गाण्यास बसविणे, हे काम आठवड्या-पंधरवड्याचे नव्हे. विष्णुपंतांनी ते वर्षानुवर्षे केले. अवखळ शिंगरे हाताळलेल्या माणसाची ही चिकाटी असावी, असे मला वाटते. घोड्याच्या रिंगणाभोवती बसलेल्या मंडळींनी त्या तंबूच्या मुक्कामांत ग्वाल्हेरचे अस्सल ख्यालगायन ऐकले, आणि महाराष्ट्राला ‘भूगंधर्व’ रहिमतखाँ लाभले.

२० फेब्रुवारी १९०५ रोजी विष्णुपंत इंदुरास वारले. सर्कस आणि रहिमतखाँ हे दोन्ही काशीनाथपंतांकडे आले. त्यांनी खाँसाहेबांना अंतर दिले नाही. १९२२ साली कुरुंदवाडास रहिमतखाँचा अंत झाला, तोवर ते छत्र्यांच्याच घरचे होते. त्यांच्या गाण्याच्या काही ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात.